फिश टँकचे पाणी आणि बोटावरची गाठ

रविवारी सकाळी अनेक घरांत फिश टँक धुण्याचा कार्यक्रम असतो. मासे बादलीत, खडे मोरीत, काचा घासून लख्ख आणि वरून नळाचे ताजे पाणी. दोन दिवसांत एक-दोन मासे मरतात आणि दुकानदाराच्या नावाने खडे फोडले जातात. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा दोष नसतो.

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतात. नदीत तो वाहून जातो. टाकीत मात्र खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साठत जाते. पाणी नितळ दिसले तरी ते असतेच. म्हणून आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी बदलावे. सगळे धुऊन काढले की उपयोगी जिवाणूही जातात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू आणि मासे दोघांनाही घातक. नवे पाणी ओतण्याआधी क्लोरीन घालवणारे थेंब टाकावेत.

माशांचे एवढे पुरे. डॉक्टर म्हणून माझे लक्ष टाकीत घातलेल्या हाताकडे जाते.

क्षयाच्या जिवाणूचा एक भाऊबंद या पाण्यात असू शकतो, मायकोबॅक्टेरियम मरिनम. १९२६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांमध्ये तो प्रथम सापडला. धडधाकट कातडीतून तो सहसा शिरत नाही. खरचटलेले बोट किंवा खड्याने पडलेला ओरखडा त्याला पुरतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, बोटावर किंवा हाताच्या पाठीवर लालसर-जांभळी गाठ येते. फारशी दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. मलम लावले जाते, पाच दिवसांच्या गोळ्या होतात, गाठ तशीच. मग मनगटाकडून कोपराकडे एका रेषेत आणखी गाठी उठू लागतात. क्वचित संसर्ग सांध्यात किंवा स्नायुबंधात उतरतो, तेव्हा शस्त्रक्रियाही करावी लागते.

उशीर होतो तो बहुधा एका साध्या कारणाने. घरात मासे आहेत हे रुग्ण सांगत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर विचारत नाहीत. हा जिवाणू ३० अंशांच्या आसपास वाढतो, ३७ अंशांना नीट वाढत नाही. त्यामुळेच तो हातापायांच्या थंड कातडीत रमतो. प्रयोगशाळेत नमुना नेहमीच्या तापमानाला ठेवला तर हाती काही लागत नाही. तपासणीच्या कागदावर ‘फिश टँक’ हे दोन शब्द हवेत. नुसता क्षयासारखा रिपोर्ट पाहून क्षयाची ठरावीक औषधे दिली, तर त्यातल्या आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडचा याच्यावर उपयोग नसतो. योग्य औषधांनी आजार बरा होतो, पण त्यांना काही महिने लागतात. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही.

टाकी विकून टाका, असे मी कोणालाही सांगत नाही. हाताला जखम असेल तर त्या आठवड्यात पाणी दुसऱ्याने बदलावे, नाहीतर कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालावेत. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असणाऱ्यांनी हे काम अंगावर घेऊच नये. पाणी काढायची नळी तोंडाने ओढू नका. नळी आधी पाण्याने भरून घेतली तरी काम होते. घाण पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, आणि शेवटी साबणाने हात धुवा.

हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. हीटर असेल तर दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच पाणी उपसा. गरम काच उघडी पडली की तडकते.