मुशीतून वाचलेली नाणी

नाशिकच्या सराफ बाजारात मोहरांची माळ मोडायला आली की आधी वजन होतं, मग कस लागतो. नाण्यावर काय लिहिलंय, हे वाचायला फारसं कुणी थांबत नाही. डाख देऊन कडी बसवलेली मोहर संग्राहकाच्याही मनातून उतरते. सोन्याची नाणी दुर्मिळ का होतात, हे इथेच कळतं.

खरं तर सोन्याचा भाव दगडावर कोरणारं हे गाव. पांडवलेण्यांतल्या उषवदाताच्या लेखात 70,000 कार्षापणांच्या दानाची नोंद आहे. 35 कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे 2,000 सुवर्ण, असा हिशेबही तिथे दिला आहे.

या उषवदाताचा सासरा क्षत्रप नहपान. त्याची चांदीची सुमारे 13,250 नाणी 1906 साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीत सापडली. त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. भिंगाखाली धरलं की सातवाहनांच्या तीन कमानींच्या डोंगराखालून नहपानाचं नाक, हनुवटी डोकावते. नाणं डागी दिसतं, पण एका राजाने दुसऱ्याला हरवल्याचा पुरावा त्या डागातच आहे.

सोन्याच्या नाण्यांच्या नशिबी मात्र बहुधा मूसच येते. 1933 साली अमेरिकेत 20 डॉलरची 4,45,500 सोन्याची नाणी पाडली गेली. सरकारने सोनं चलनातून काढून घेतलं आणि ती जवळजवळ सगळी वितळवली. वाचलेल्यांपैकी एक 2021 साली सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरला विकलं गेलं. किती पाडली यापेक्षा किती उरली, यावर मोल ठरलं.

आपल्या शिवरायांच्या सोन्याच्या होनाचंही तसंच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम. तांब्याच्या शिवराया आजही ढिगाने मिळतात, होन मात्र मोजकेच उरले.

अशी उरलेली नाणी अभ्यासण्यासाठी 1980 साली नाणेतज्ज्ञ डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने नाणकशास्त्र संशोधन संस्था स्थापन झाली. त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी तिचं संग्रहालय उभं राहिलं. नाणं वजनावर न तोलता वाचायचं असतं, हे नाशिकला शिकवणारी ही जागा.

या साऱ्याचा माझ्यापुरता निष्कर्ष एकच: जपलेलं नाणं कितीही झिजलेलं असलं तरी बोलतं, मुशीत गेलेलं कायमचं मुकं होतं. म्हणून घरात जुनं नाणं असेल तर चिंच किंवा पावडर लावून घासू नका, कडी बसवू नका. जमिनीत सापडलं तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. शंभर वर्षांपुढचं नाणं परवानगीशिवाय परदेशी पाठवायला 1972 च्या कायद्याने बंदी आहे. आणि मोडायला नेण्याआधी एकदा ते कुणा जाणत्याकडून वाचून घ्या.