आकाशातला धंदा आणि जमिनीवरचे भांडवल

अग्निबाण आणि उपग्रह हे सरकारचे काम, अशी आपल्याकडे पुष्कळ वर्षे समजूत होती आणि ती खोटीही नव्हती. 2020 साली केंद्र सरकारने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले व त्यांना परवानगी आणि साह्य देण्यासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था काढली. तेव्हापासून इंजिनिअर झालेले तरुण या धंद्यात उतरू लागले आहेत. देवणी-उदगीरकडची मुलेही पुण्या-हैदराबादेस शिकावयास जातात. त्यांपैकी एखाद्याने उद्या घरी येऊन ‘उपग्रहाचे इंजिन बनवतो, भांडवल हवे’ असे म्हटले, तर वडीलधाऱ्यांनी त्याला काय विचारावे आणि त्याने कोणती तयारी केलेली असावी, एवढाच आमचा विषय आहे.

पहिली गोष्ट ही की, हे भांडवल कर्जाचे नसावे. कर्जाला हप्ता असतो आणि हप्ता धंदा चालण्याची वाट पाहत नाही. उपग्रहाचे यंत्र विकले जाईपर्यंत पाच-सात वर्षे सहज जातात आणि यंत्र फसण्याचा संभवही मोठा असतो. म्हणून येथे भागभांडवल घेतात. पैसे देणारा कंपनीचा हिस्सेदार होतो. कंपनी बुडाली तर त्याचा पैसाही बुडतो आणि चालली तर त्याला कितीतरी पट मिळतो. हा धोका पत्करणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी तो पत्करावा. त्यासाठी घरची जमीन गहाण पडता कामा नये.

मग असा हिस्सेदार काय पाहून पैसे देतो? देवणी जनावरांची पारख असलेल्यांना हे समजावयास अवघड नाही. औताला कधी न जुंपलेल्या गोऱ्ह्याची किंमत वेगळी आणि कामाला रुळलेल्या बैलाची वेगळी. जनावर तेच असते. पण घेणाराची शंका फिटली, म्हणून भाव चढला. अवकाशाच्या धंद्यातही पैसा असाच टप्प्याटप्प्याने येतो, आणि प्रत्येक टप्प्याला कोणती तरी एक शंका फिटलेली असावी लागते.

हैदराबादच्या ‘स्कायरूट’ कंपनीचे उदाहरण पाहा. ‘इस्रो’तून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी ती 2018 साली काढली. 2020 मध्ये त्यांनी आपली पहिली इंजिने जमिनीवर बांधून चालवून दाखविली. 2021 च्या मे महिन्यात त्यांना 1 कोटी 10 लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अतिशीत इंधनाच्या इंजिनाची चाचणी झाली. 2022 च्या सप्टेंबरात 5 कोटी 10 लाख डॉलर आले. त्यांचा ‘विक्रम-एस’ अग्निबाण आकाशात गेला तो त्यानंतर, 18 नोव्हेंबर 2022 रोजी. म्हणजे अग्निबाण उडाल्यावरच पैसा मिळतो असे नाही. पण नुसत्या चित्रावरही मोठा पैसा मिळत नाही.

मुंबईच्या ‘मनस्तू स्पेस’ची वाट निराळी. उपग्रहाला कक्षेत इकडे-तिकडे हलविणाऱ्या लहान इंजिनांत हायड्राझीन हे विषारी इंधन वापरण्याची जुनी रीत आहे. या कंपनीने दवाखान्यात जखम धुतात त्याच हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले इंधन घेतले. अर्थात ते त्याहून पुष्कळच तीव्र असते. तिचे यंत्र 30 डिसेंबर 2024 रोजी ‘पीएसएलव्ही-सी60’ बरोबर अवकाशात गेले. काम संपल्यावर कक्षेत राहिलेला अग्निबाणाचा शेवटचा टप्पाच ‘इस्रो’ अशा चाचण्यांसाठी वापरू देते. स्वतःचा उपग्रह न बांधता शंका फेडण्याची ही सोय प्रत्येक नव्या कंपनीने ध्यानात घ्यावी.

आता हिशेब. पैसे येण्यापूर्वी कंपनीची किंमत 4 कोटी ठरली आणि हिस्सेदाराने 1 कोट घातला, तर एकूण 5 कोटींत त्याचा पाचवा हिस्सा झाला. संस्थापकांकडे शेकडा 80 उरले. पुढच्या वेळी पुन्हा पाचवा हिस्सा दिला की 64 उरतात. फार लवकर फार पैसा मागितला तर हिस्सा स्वस्तात जातो. तिजोरी रिती होईपर्यंत थांबले तर समोरचा म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. उड्डाणाची तारीख तर हमखास पुढे जाते. म्हणून पुढच्या चाचणीपर्यंतचा खर्च मांडून वर सहा-आठ महिन्यांची पुंजी धरावी.

कागदांत तीन गोष्टी आधी चोख हव्यात. शोध कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागला असेल तर त्यावर हक्क कोणाचा, हे लेखी असावे. मित्रांपैकी एखादा दोन वर्षांनी निघून गेला तर त्याच्या हिश्शाचे काय, हेही मैत्री शाबूत असतानाच लिहून ठेवावे. आणि यंत्र कोण विकत घेणार, त्याचे नुसते तोंडी कौतुक नको, सहीचे पत्र हवे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये अवकाश-कंपन्यांसाठी 1000 कोटींचा निधी मंजूर केला आहे; एकेका कंपनीत साधारण 10 ते 60 कोटी घालण्याचा त्यात विचार आहे. पैसा आहे, पण तोही पारख करूनच मिळावयाचा. तेव्हा मुलाला दोनच प्रश्न विचारावेत: आजवर काय सिद्ध केलेस, आणि काय सिद्ध व्हावयाचे राहिले आहे? दुसऱ्याचे उत्तर तो पहिल्याइतकेच स्पष्ट देईल, तर तो पैसे मागावयास तयार झाला असे समजावे.