अजय-अतुल: जुने अल्बम की सैराट?

आमच्या नगरमध्ये गाण्यांचा विषय निघाला की संगीतकार अजय-अतुलवरून दोन तट पडतातच. तरुण पोरांसाठी 2016 चा ‘सैराट’ म्हणजे शेवटचा शब्द. हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रण झालेलं, शिवाय चित्रपट घडतो आपल्या शेजारच्या करमाळ्याच्या पट्ट्यात! त्यांचं म्हणणं खोटं नाही.

पण माझं मत ‘जोगवा’ला. एकाच अल्बममध्ये ‘लल्लाटी भंडार’चा खणखणीत गोंधळ आणि ‘जीव रंगला’ची हळुवार चाल. ‘जोगवा’साठी संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार अजय-अतुलना मिळाला. ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले (श्रेयाला एका बंगाली गाण्यासह). एका मराठी गाण्याचा एवढा मान!

2010 च्या ‘नटरंग’ या तमाशावरच्या चित्रपटावर मात्र आपल्या जिल्ह्याचा वेगळाच हक्क आहे. संगमनेर हे तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांचं गाव, जामखेडची कला केंद्रं सगळ्यांना ठाऊक. ढोलकी आणि लावणी कानात मुरलेला माणूस ‘वाजले की बारा’ ऐकताना बेला शेंडेच्या आवाजातला ठसका लगेच ओळखतो. ‘खेळ मांडला’ तर अजयनं स्वतः गायलंय, आणि वरच्या पट्टीत चढताना त्याचा आवाज जो फाटल्यासारखा होतो, तिथंच ते गाणं काळजाला भिडतं.

‘विश्वविनायक’ हा अल्बमही कुणी विसरू नका. एस. पी. बालसुब्रमण्यम आणि शंकर महादेवन यांचे आवाज, गणेशाची स्तोत्रं आणि भव्य वाद्यमेळ. आणि ही तर या भावांची सुरुवात होती. नव्या पोरांनो, आज रात्री हेडफोन लावून तो सलग ऐका आणि मग बोलू.