नदीत उभं राहू नका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कर्जत-खालापूरच्या माणसाला नदीची ओळख करून द्यावी लागत नाही. कर्जतला उल्हास, खोपोलीला पाताळगंगा. पाठीला सुके भोपळे बांधून थोरल्या भावंडांनी डोहात ढकललं, की झालं आमचं पोहण्याचं शिक्षण. असं असूनही वाहतं पाणी म्हणजे काय, हे मला कळलं ते पन्नाशी उलटल्यावर, कोलाडला कुंडलिका नदीत, रबरी होडीत बसून. या खेळाला राफ्टिंग म्हणतात. भाचीने हट्ट धरला म्हणून मी गेलो.

आधी एक गंमत सांगतो. मे महिन्यात आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये दगड मोजून घ्यावेत अशी स्थिती असते. मग कुंडलिकेला त्या दिवसांतही उसळतं पाणी कुठून येतं? उत्तर घाटमाथ्यावर आहे. मुळशीचं धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात आणलं जातं. १९२७ पासून तिथे वीज होते. जनित्रं फिरवून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं. म्हणजे वीज तयार झाली, पाणी सुटलं, की नदी भरते. म्हणून तिथले राफ्टिंगवाले सकाळी लवकर बोलावतात. पाणी आपल्यासाठी थांबत नाही.

आमच्या भागाची कथाही हीच. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. खोपोलीत लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येतं आणि पाताळगंगेला मिळतं. भिवपुरीचं पाणी पेज नदीतून उल्हासला. खरं तर हे सगळं पाणी भीमेच्या खोऱ्यातलं. ते कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जायचं, ते अरबी समुद्राला वळलं. याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. आपण ज्या लाटेवर हसत-खिदळत जातो, तिच्या उगमाशी कुणाची तरी भातखाचरं बुडालेली आहेत, एवढं ध्यानात असलेलं बरं.

आता पाणी उसळतं का, ते पाहू. चार गोष्टी जमून याव्या लागतात : उतार, अरुंद पात्र, तळाचे खडक आणि पुरेसं पाणी. खडकावर आपटून पाण्यात हवा मिसळते, म्हणून ते पांढरं दिसतं. या फेसाळ पाण्यात माणूस नेहमीपेक्षा कमी तरंगतो. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं फिरतं. कुठे त्याचा निवांत आडोसा होतो, तर कुठे वरून कोसळणाऱ्या धारेखाली असा भोवरा होतो की त्यात सापडलेली वस्तू फिरत राहते, सुटत नाही. आमच्या वाटाड्याने पाण्यावरची अक्षरंही वाचून दाखवली. दोन बाजूंच्या लाटा पुढे एका टोकाला मिळत असतील तर मधून वाट आहे. टोक आपल्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली खडक आहे. आयुष्यभर अक्षरांशी खेळलो, पण ही लिपी मला येत नव्हती.

अशा जागांची एक ते सहा अशी प्रतवारी जगभर करतात. एक म्हणजे लहान लाटा, सहा म्हणजे जिवाशी गाठ. कुंडलिकेतला सुमारे बारा किलोमीटरचा प्रवास साधारण दोन-तीनच्या प्रतीचा, दीड-दोन तासांचा. पावसाळ्यात पाणी चांगलं असलं की उल्हासमध्येही राफ्ट उतरतात.

हिमालयात मात्र हाच खेळ मोहीम होतो. अरुणाचलात सियांग नदीवर तुतिंगपासून पासीघाटपर्यंत जाताना कित्येक दिवस दोन्ही बाजूंना घनदाट जंगल आणि खोल दरी असते. रात्री वाळूवर तंबू, शिधा पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत, आणि राफ्ट उंचावर बांधून ठेवायची, कारण रात्रीत नदी किती चढेल याचा नेम नाही. आपल्याकडे होडी उलटली तर काठावर रस्ता आणि चहाची टपरी असते. तिथे बाहेर पडायला सहज वाट नसते आणि पाणी बर्फाचं, काही मिनिटांत हातपाय गारठवणारं. खुद्द एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९७७ मध्ये गंगासागरपासून यांत्रिक होड्यांनी गंगेच्या उगमाकडे निघाले होते. त्यांनाही नंदप्रयागजवळ धबधब्याने थांबवलं. तिथून पुढे ते पायी गेले.

कोलाडला पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास सूचना चालल्या. लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले. मग तो विशी-बाविशीतला वाटाड्या म्हणाला, "काका, पाण्यात पडलात तर एक गोष्ट करायची नाही. उभं राहायचं नाही. पाणी कमरेएवढं दिसलं तरी नाही. उताणं व्हायचं, पाय पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर."

"का?" भाचीने विचारलं.

"पाय दगडांच्या सापटीत अडकतो. मागून पाणी ढकलतं आणि माणूस पालथा पडतो. मग तोंड वर काढता येत नाही."

मी काही बोललो नाही. १९८२ च्या पावसाळ्यात, मी बारा वर्षांचा असताना, माझा चुलतभाऊ अन्वर ओढा ओलांडताना घसरला. पाणी त्याच्या छातीएवढंही नव्हतं. तो उत्तम पोहणारा. वीस फुटांवरून आम्ही सगळे ओरडत होतो, "उभा राहा! पाय टेक!" त्याने ऐकलं. पाय टेकले आणि पालथा झाला. संध्याकाळी पाणी उतरल्यावर कातकरी मंडळींनी त्याला काढलं. पाय दोन धोंड्यांमध्ये होता, असं ते म्हणाले. घरात सगळे म्हणाले, त्याची वेळ भरली होती. चाळीस वर्षं मीही तेच म्हणत होतो. ओरडणाऱ्यांत माझाही आवाज होता, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. एवढी एकच गोष्ट आम्हाला शाळेत नदीकाठी नेऊन कुणी सांगायला हवी होती.

दर पावसाळ्यात आमच्या धबधब्यांवर, ओढ्यांवर शहरातून मुलं येतात आणि त्यातली काही परत जात नाहीत. म्हणून सांगतो. वर डोंगरात पाऊस असेल तर खाली ऊन असलं तरी ओढ्यात उतरू नका. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा येऊ लागला, की लगेच बाहेर पडा. वाहून गेलात तर उताणे व्हा, पाय पुढे ठेवा आणि तिरकं काठाकडे सरका. पाणी संथ आणि उथळ होईपर्यंत पाय टेकू नका. काठावर असाल तर मागे उडी टाकू नका. दोर, साडी, काठी, रिकामा कॅन, हाताला लागेल ते फेका.

आणि ओरडायचंच असेल तर "उताणा हो" म्हणून ओरडा.