मन करपतं तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या राणीसावरगावात एक आशाताई आहेत. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या लेकराचा डोस राहिला, कुणाचा खोकला महिनाभर थांबत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. परवा दारावरून जाताना मी सहज विचारलं, "कसं चाललंय, ताई?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "काम तेच हाय चाचा, पण आता काही वाटतच नाही बगा. समोर कुणी रडलं तरी वाटत नाही. मी अशी नव्हते."

"मी अशी नव्हते." आज या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे.

या अवस्थेला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. मला आपला 'करपणं' हा शब्द जवळचा वाटतो. पावसाचा खंड पडून सोयाबीन करपलं, तर आपण रोपाला आळशी म्हणत नाही. पाणी किती पडलं, ऊन किती होतं, हे विचारतो. माणूस करपला की मात्र त्यालाच बोल लावतो, "तुझंच मन कच्चं!"

न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेवर लिहिलं. त्यांना ती कुठं दिसली? गरिबांच्या मोफत दवाखान्यात, आपणहून सेवेला आलेल्या माणसांत. पुढं १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक यांनी तिच्या तीन खुणा मांडल्या. भावना आटून जाणं, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. आशाताई दारात उभ्या राहून जे बोलल्या, ते यातलंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामातल्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. म्हणजे माणसाकडं पाहताना त्याच्या कामाकडंही पाहायला हवं.

आता मूल्यांकडं येऊ. मूल्य म्हणजे फळ्यावरचा सुविचार नव्हे. कुणी पाहत नसतानाही जे सोडवत नाही, ते आपलं मूल्य. काम आणि मूल्य एका दिशेनं चाललं, तर ओझं असूनही ते पेलवतं. पण गरोदर बाईजवळ दहा मिनिटं बसावं असं वाटतं आणि कागद भरण्यातच वेळ जातो, तेव्हा मनाची ओढाताण होते. मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी करपण्याची सहा कारणं सांगितली. कामाचा बोजा, हातात अधिकार नसणं, अपुरा मोबदला, सोबत्यांचा आधार नसणं, अन्याय आणि सहावं, मूल्यांशी विसंगती.

यात एक अवघड गोष्ट आहे. ज्याला कामाचं काहीच वाटत नाही, त्याची अशी ओढाताण होत नाही. ज्याला फार वाटतं, त्याची होते. आणि त्याच्या चांगुलपणाचा फायदा घेणंही सोपं असतं. 'सेवा' म्हटलं की पगाराचं विचारायची लाज वाटते. आशा योजना २००५ साली सुरू झाली, तेव्हापासून या बायका कागदोपत्री स्वयंसेविका, कामागणिक मोबदला. कोरोनाच्या काळात त्या घरोघर फिरल्या. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. तरी २०२३-२४ मध्ये पुन्हा संप करावा लागला, तेव्हा कुठं मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दरमहा ५ हजारांची वाढ मंजूर केली. गौरव झाला, पण पोट गौरवावर भरत नाही.

आपल्या मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या वाढल्या, तेव्हा 'प्रेरणा' प्रकल्प आला. आशाताई घरोघर जाऊन विचारू लागल्या, झोप लागते का, जीव उदास होतो का? चांगलं काम. पण हेच प्रश्न त्यांना कोण विचारतं?

गंगाखेड आमचा तालुका, संत जनाबाईंचं गाव. दळता-कांडताना देवाचं नाव घेणारी ही बाई कष्टाला भक्ती मानत होती. पण त्यांच्या अभंगांतला विठ्ठल काय करतो पाहा. "आणखी श्रद्धेनं दळ" असा उपदेश करत नाही. समोर बसून जात्याचा खुंटा धरतो. मोठ्यात मोठ्या श्रद्धेलाही दुसरा हात लागतो, हे त्या बाईनं सात शतकांपूर्वी ओळखलं होतं.

मग करायचं काय? मूल्यं टाकून द्यायची नाहीत. फक्त त्यांचा चाबूक करून स्वतःच्याच पाठीवर ओढायचा नाही. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी सांगत, माणसावर त्याच्या शरीराचाही हक्क असतो. तेव्हा विश्रांती घेणं, "आज जमणार नाही" म्हणणं, कामाचा रास्त दाम मागणं, हेही मूल्यातच बसतं. दिवसातलं एक तरी काम आपल्या मनासारखं करावं, मग ते पाच मिनिटांचं का असेना. सोबतिणींशी बोलावं. आणि ज्यांच्या हातात कामाची वाटणी आहे, त्यांनी शाबासकीच्या आधी बोजा मोजावा.

झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर ते साधं करपणं राहिलेलं नाही. तेव्हा डॉक्टरांकडं जायला लाजू नये. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे; फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं.

त्या संध्याकाळी आशाताईंना मी उपदेश केला नाही. "बसा, चहा घ्या," म्हणालो. त्या अर्धा तास बोलल्या, मी ऐकलं. जाताना म्हणाल्या, "लई दिवसांनी कुणी विचारलं."

तुमच्या गल्लीतही अशी कुणी असेल. आज तिला विचारा.