नसाबात बाईला जागा हवी

पाली (जि. बीड) : हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन मराठा आरक्षणाचा शासन निर्णय निघाला आणि पंधरवड्याच्या आत बंजारा समाज बीडच्या रस्त्यावर उतरला. सप्टेंबर 2025 मधल्या त्या मोर्चाची मागणी एकच होती : त्याच गॅझेटियरमध्ये आमचीही नोंद आहे, आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या. तेलंगणातले लंबाडा 1976 च्या दुरुस्ती कायद्याने त्या यादीत गेले. तेलंगणासारखा मराठवाडाही निजामाच्याच राज्यातला, पण तो 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि इथला बंजारा विमुक्त जातींतच राहिला. आदिवासी संघटनांचा या मागणीला असलेला विरोधही तितकाच ठाम आहे.

यादीत जाण्यासाठी लोकूर समितीने 1965 मध्ये जे निकष सांगितले, त्यांत वेगळी संस्कृती हा एक. सभांमध्ये त्यावर तावातावाने बोललं जातं. पण ही संस्कृती आजवर सांभाळली कुणी? माझं उत्तर स्पष्ट आहे : तांड्यातल्या बायकांनी.

तीज घ्या. श्रावणात कुमारिका तांड्याच्या नायकाची परवानगी काढतात, वारुळाची माती आणतात, टोपल्यांत गहू पेरतात आणि नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात. गोकुळाष्टमीच्या सुमाराला कोंब खुडून नायकापासून सगळ्यांना वाटले जातात. पुरुष ते पागोट्यात खोवतात. लग्नातही तेच. नवलेरीला, म्हणजे नवरीला, सजवलेल्या बैलावर उभं करतात आणि ती हात उंचावून ‘हवेली’ गाते, माहेरच्या तांड्याचा निरोप घेते. लग्नातली ही ढावलोची गाणी लिहिलेली नव्हती. आईकडून, मावशीकडून पोरीच्या तोंडी बसली. गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, टिकली ती या गाण्यांमुळे.

आणि निर्णय? नायक, कारभारी, डाव, हासाबी-नासाबी ही सगळी पुरुषांची पदं. नायकपद बापाकडून लेकाकडे. सोयरीक, काडीमोड, दंड, वाळीत टाकणं हे सगळं नसाबात, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, ठरायचं आणि जिच्या संसाराचा निवाडा चाललाय ती बाजूला उभी.

याच्या अगदी उलट व्यवस्था उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांची. ते स्वतःला हौदेनोसौनी म्हणवतात. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं, लग्नानंतर नवरा बायकोच्या लांबघरात राहायला यायचा. मका, घेवडा, भोपळा पिकवणं बायकांच्या हाती. मुख्य म्हणजे प्रमुख कोण होणार हे कुळमाता सांगते आणि तो चुकला तर ताकीद देऊन त्याला पदावरून उतरवतेही. सभेत बसतात पुरुष, पण बसवणारी ती. ही चाल शतकानुशतकांची आहे, कुठल्या कायद्याने दिलेली नाही.

आपल्याकडे नायकाचा अधिकार तरी कुठे उरला आहे? दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे ट्रक-ट्रॅक्टर भरले की पालीचा घाट रात्रभर जागा असतो. तांड्याचा श्वास मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीवर चालतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पहाटेच्या थंडीत बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, पण उचलीचा हिशेब मुकादम तिच्या नवऱ्याशी करतो. होळीला बाळाची धुंड करायची तर बरीच घरं अजून फडावरच. पूर्वी वराकडचे देज, म्हणजे वधूमूल्य, देत. आता मुलीचा बाप हुंड्यासाठी उचल घेतो. परंपरेतलं बाईच्या बाजूचं जे होतं ते आधी गेलं, नसाबातली पुरुषांची बैठक मात्र राहिली.

आरक्षणाचा निकाल सरकार आणि न्यायालयं देतील. नसाबात बाईला बसवण्यासाठी मात्र शासन निर्णय लागत नाही. नायकांनो, पुढच्या तिजेला कोंब हातात घ्याल तेव्हा ते देणाऱ्या लेकींच्या आयांना नसाबात बसायला बोलवा.