तांब्यात कार्बन : वाहकता आणि झीज यांचा हिशेब

लखनौच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बख्शी का तालाब हे स्थानक आहे. एकेकाळी मीटरगेज असलेल्या या मार्गावर आता विजेची इंजिने धावतात. इंजिनाच्या छतावरील पेंटोग्राफ २५ किलोवोल्टच्या तांब्याच्या तारेला सतत घासत वीज घेतो. तारेला घासणारी पट्टी कशाची असावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक असला तरी मुळात आर्थिक आहे. अशा साहित्याची मानके ठरविणारी रेल्वेची संस्था, आरडीएसओ, लखनौमध्येच आहे.

शुद्ध तांबे का नको?

तांबे उत्तम वाहक आहे. परंतु तांब्यावर तांबे घासले की पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात व ओरखडले जातात. ग्रॅफाइटचे थर मात्र एकमेकांवरून सहज सरकतात. त्यामुळे ते वंगणाचे काम करते आणि ठिणगीच्या उष्णतेतही वितळत नाही.

वाहकता किती घटते?

ग्रॅफाइटचा विद्युतरोध तांब्याच्या शेकडो पट असतो. शिवाय ते हलके आहे. तांब्याची घनता ८.९६, तर ग्रॅफाइटची सुमारे २.२ आहे. म्हणून वजनाने केवळ ५ टक्के ग्रॅफाइट मिसळले, तरी ते सुमारे १८ टक्के आकारमान व्यापते. ग्रॅफाइटचे कण गोलाकार व जवळजवळ अवाहक मानल्यास, संमिश्र पदार्थाची वाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारे तीन चतुर्थांश उरते.

प्रत्यक्षात आणखी दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात. पहिली, वितळलेले तांबे कार्बनला चिकटत नाही. सांध्यात पोकळ्या राहून रोध वाढतो. त्यासाठी कणांवर आधीच तांब्याचा मुलामा देतात. क्रोमियमसारखा धातू मिसळल्यास सांधा बळकट होतो. पण तोच तांब्यात विरघळला तर वाहकता घटवतो. दुसरी, भुकटी दाबून पदार्थ घडविताना ग्रॅफाइटचे पापुद्रे आडवे बसतात. त्यामुळे पापुद्र्यांच्या दिशेने वीज अधिक सहज वाहते, त्यांना छेदून कमी.

उपयोगानुसार प्रमाण

मोटारगाडीच्या स्टार्टरमध्ये विद्युतदाब कमी व प्रवाह प्रचंड असतो. म्हणून तेथील ब्रशमध्ये तांबे भरपूर असते. पेंटोग्राफच्या धातुयुक्त कार्बन पट्टीत नेमके उलट असते : सच्छिद्र कार्बनमध्ये दाबाखाली तांबे भरलेले असते. २५ किलोवोल्टवर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागत असल्याने पट्टीचा थोडा अधिक रोध परवडतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विद्युत रेल्वे धावली, ती १५०० व्होल्टवर. इतक्या कमी दाबावर पट्टीतून कितीतरी मोठा प्रवाह जातो.

धोरणात्मक अर्थ

२०१८ मध्ये तुतुकुडीचा तांबे प्रकल्प बंद झाल्यानंतर भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार बनला. पट्टी कारशेडमध्ये बदलता येते. तार बदलण्यासाठी मात्र वाहतूक थांबवावी लागते. म्हणून झिजायचेच असेल, तर पट्टीने झिजावे. वाहकतेतील थोडी घट ही तारेचे आयुष्य वाढविण्यासाठी मोजलेली किंमत होय. साहित्याची निवड एका गुणधर्मावर नव्हे, तर संपूर्ण आयुष्यातील एकूण खर्चावर करावी, हे तत्त्व विद्यार्थ्यांनी या उदाहरणातून ध्यानात घ्यावे.